काळ्या मातीतली जाळी आणि खालून निसटणारा कुत्रा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमध्ये निपानियाच्या पुढे बायपासकडे घर. मागे ३० बाय २० फुटांचं अंगण, त्याला तीन बाजूंनी लोखंडी अँगलवर ताणलेली चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंतवून विणलेली जाळी आणि जाळीपलीकडे बॅकलेन, म्हणजे घरांमागची अरुंद गल्ली. ब्रूनो दीड वर्षाचा, लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचा संकर, नसबंदी झालेली नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरी कोणी नसतं. जाळीखालची माती उकरून तो निसटतो. एक खड्डा बुजवला की हातभर अंतरावर दुसरा काढतो. दगड ठेवून झाले, तिखट टाकून झालं, फिनाईल शिंपडून झालं. आता एक जण म्हणतो साखळीने बांधा, दुसरा म्हणतो जाळीखाली दोन फूट खोल काँक्रीटची भिंत घाला.

दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. भिंतीवर खर्च होईल आणि आपल्याकडच्या मातीत ती दोन-तीन पावसाळ्यांत तडकेल. साखळीने तो पळायचा थांबेल, पण दुसरे त्रास सुरू होतील. त्यावर पुढे लिहितो. तुमच्यासमोर खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत: तो निघतो कसा, आणि त्याला निघावंसं का वाटतं. पहिल्याचं उत्तर लोखंडात आहे आणि ते एका शनिवार-रविवारी होतं. दुसऱ्याला काही आठवडे लागतील आणि ते ब्रूनोवर अवलंबून आहे. नुसता पहिला सोडवलात तर तो जाळी चढायला शिकेल. नुसता दुसरा सोडवत बसलात तर तोवर रोज बॅकलेनमध्ये जाईल, आणि बाहेर पडल्यावर मिळणारी मजा हेच त्याच्या उकरण्याचं बक्षीस असल्यामुळे सवय आणखी घट्ट होईल. म्हणून आधी लोखंड.

कुत्रा उकरतो कसा, हे नीट पाहिलं तर उपाय आपोआप सुचतो. तो जाळीच्या खालच्या कडेला नाक लावतो, बाहेरचा वास घेतो आणि नाक जिथे टेकलं तिथेच पुढच्या दोन पंजांनी माती मागे फेकायला लागतो. दोन फूट मागून सुरुवात करून बोगदा काढायचा बेत त्याच्या डोक्यात येत नाही. त्यामुळे त्याला खोलीवर अडवायची गरजच नसते. पंजा जिथे पहिल्यांदा पडतो तिथे अडवायचं असतं. म्हणजे जाळी जमिनीत उभी गाडायची नाही, कुंपणाला लागून आतल्या बाजूला आडवी पसरायची. कुंपणाला आतून जाळीची झालर लावली आहे असं समजा. पंजा टाकला की तार लागते, थोडं बाजूला सरकला तरी तारच. बहुतेक कुत्री काही दिवस चाचपून पाहतात आणि सोडून देतात. झालरीच्या आतल्या कडेपासून उकरणारा हुशार प्राणी क्वचित भेटतो, आणि त्यालाही मग दोन फूट लांब भुयार काढावं लागतं, जे एका दुपारीत होत नाही.

उभ्या भिंतीचं दुसरं दुखणं म्हणजे माळव्याची काळी माती. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. जुलैत ती फुगते, एप्रिल-मेमध्ये आक्रसते आणि तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आक्रसण्याचा जोर एवढा असतो की घरांच्या जोत्याला तडे जातात, तिथे चार इंच जाडीच्या काँक्रीटच्या पट्टीचं काय! तुमचे अँगलही थोडे कललेले असणार, आणि जाळीची खालची कड कुठे जमिनीत रुतलेली तर कुठे तीन बोटं वर असणार. ब्रूनो पहिल्यांदा निघाला तो बहुधा अशाच एखाद्या उचललेल्या जागेतून. म्हणून इथे जे काही कराल ते मातीबरोबर थोडं वर-खाली होऊ शकेल असं हवं, आणि आडवी जाळी तशी होते.

आता सामान. झालरीसाठी चेनलिंक नको, वेल्डेड जाळी घ्या. चेनलिंक ताणलेली असेल तरच काम देते. जमिनीवर नुसती पसरली की गोळा होते. रुंदी ३ फूट, भोक २ बाय २ इंच, तार १२ गेज म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, आणि दुकानात १२ सांगून १४ देणं नवीन नाही. सियागंज किंवा लोहा मंडीच्या बाजारात गेलात तर गेज विचारू नका, तार मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. वजनावरूनही कळतं: ८० फूट लांब, ३ फूट रुंद अशी ही जाळी ३८ किलोच्या आसपास भरली पाहिजे. २५ किलोच भरली तर तार बारीक आहे. जोड आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली मिळाली तर उत्तम. आधीच जस्त लावलेल्या तारांची जाळी असेल तर वेल्डच्या जागी जस्त जळलेलं असतं आणि ओल्या काळ्या मातीत गंज तिथूनच धरतो. एका कोपऱ्यावर पकडीने तार वाकवून पाहा. जोड टचकन सुटला तर ती जाळी तिथेच ठेवा. कोंबड्यांची षटकोनी जाळी मात्र कोणी फुकट दिली तरी नको. तिची तार पंजाने तुटते आणि तुटलेली टोकं बोटांच्या मध्ये शिरतात. पिल्लू किंवा लहान जातीचा कुत्रा असता तर १ इंच भोकाची जाळी घ्यायला सांगितलं असतं.

तीन बाजू मिळून तुमचं कुंपण २० अधिक ३० अधिक २०, म्हणजे ७० फूट. जोडांवर सहा-सहा इंच एकावर एक आणि टोकांना थोडी जास्त धरून ८० फूट जाळी पुरते. ती खिळवायला ८ एमएमच्या सरियाचे, म्हणजे लोखंडी सळईचे, आकडे करून घ्या: १८ इंच सरळ पाय आणि वर ३ इंच वळवलेलं डोकं. १२ मीटरच्या एका सरियात असे २२ आकडे निघतात. आतल्या कडेला दर फुटाला एक आणि कुंपणाजवळच्या घडीवर दर तीन फुटांना एक, असे ९५-१०० आकडे लागतील, म्हणजे पाच सरिया. इतरत्र १२ इंची आकडे चालतात. काळ्या मातीत ते उन्हाळ्यात सैल होऊन हाताने उपटून येतात, म्हणून १८. आणखी दोन सरिया वेगळे घ्या, ते कशासाठी ते लगेच सांगतो. बांधायला जस्ताची तार, १६ गेज. स्लॅबच्या कामातली काळी बाइंडिंग तार घेऊ नका, एका पावसाळ्यात तिचा चुरा होतो.

ते दोन जादा सरिया चेनलिंकच्या सगळ्यात खालच्या घरांतून आडवे ओवायचे आणि प्रत्येक अँगलला पक्के बांधायचे. हे काम लोक हमखास विसरतात. चेनलिंकची खालची कड लवचीक असते. कुत्र्याला पुरा खड्डा काढावाच लागत नाही. तीन-चार इंच माती काढली की नाकाने जाळी उचलून तो अंग खाली घालतो, आणि डोकं गेलं की छाती दाबून घेतो. तुमच्या खड्ड्यांची खोली पाहा. वीतभरच असेल आणि जाळीची कड बाहेरच्या बाजूला वळलेली असेल तर ब्रूनो जेवढं उकरतो त्याहून जास्त उचलतो. कडेतून सरिया गेला की हा मार्ग बंद.

बसवायचा क्रम असा. जाळीलगत आतून अडीच फूट पट्टा गवत काढून सपाट करा. जुने खड्डे त्याच मातीने भरू नका. उकरलेली माती पोकळ राहते आणि कुत्र्याला ती वासाने आणि पायाने लगेच कळते. गिट्टी आणि मुरूम मिसळून चार-चार इंचांचे थर द्या, प्रत्येक थर किंचित ओला करून धुम्मसाने ठोका. मग जाळीचे पाच-सात फुटांचे, एका माणसाला उचलतील एवढे तुकडे कापा. एका लांब कडेपासून १ फुटावर लाकडी फळी किंवा अँगल ठेवून जाळी काटकोनात वाकवा. १ फुटाचा भाग उभा, कुंपणाला आतून टेकलेला. २ फुटांचा भाग आडवा, अंगणाकडे. उभा भाग आतूनच लावायचा, कारण कुत्रा आतून रेटतो आणि रेटला की जाळी कुंपणावर दाबली जाते. बाहेरून लावलीत तर प्रत्येक धक्का बांधलेल्या तारांवर येतो. शिवाय आत लावल्याने बॅकलेनच्या किंवा शेजाऱ्याच्या जमिनीत काही जात नाही, म्हणून कोणाची परवानगी लागत नाही.

उभा भाग दर सहा-आठ इंचांवर चेनलिंकला बांधा. घडीच्या जागी जाळी ताणून बसवू नका, बोटभर ढिली ठेवा. जुलैत माती फुगून वर आली की तेवढी जागा तिला लागते, नाहीतर बांधलेल्या तारा तुटतात. आकडे ठोकताना डोकं जाळीच्या तारेवर आडवं बसेल असं पाहा. कापलेली टोकं सगळी खाली मातीकडे वळवा. दोन कुंपणं मिळतात त्या कोपऱ्यात एक पट्टी थेट कोपऱ्यापर्यंत न्या आणि दुसरी तिच्यावरून. तिरपी कापून नेमकी जुळवायच्या नादात तिथेच फट राहते. घराच्या भिंतीशी जिथे कुंपण संपतं तिथे झालर भिंतीला चिकटली पाहिजे. वरून दोन इंच माती पसरून दूब, म्हणजे हरळी, लावा. एका पावसाळ्यात मुळं जाळीतून गुंततात आणि मग तुम्हालाही ती दिसत नाही.

दूब न लावता वरून फरशी घालावी का? कोटा स्टोनच्या २ बाय २ फुटांच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फरश्या जाळीलगत मांडल्या तर जाळीच्या झालरीशिवायही काम होतं. ७० फुटांना ३५ लागतील, एकेक २०-२५ किलोची, म्हणजे ब्रूनो सरकवू शकणार नाही. पण काळ्या मातीवर थेट मांडल्यात तर दुसऱ्या वर्षी प्रत्येक फरशी वेगळ्या कोनात उभी असेल. खाली चार इंच मुरूम ठोकून घालावाच लागतो. त्यातून पश्चिमेकडची बाजू असेल तर मेच्या दुपारी ती फरशी पाय भाजते. पैसे आणि मेहनत मोजली तर मी जाळीच निवडेन. फरशी शोभते ती जिथे तुम्हाला चालायची वाट हवीच आहे तिथे.

काँक्रीट एकाच ठिकाणी घालावं: फाटकाखाली. तिथे जाळी चालत नाही, कारण पावलांनी आणि स्कूटरने ती उखडते. ४ फुटांच्या फाटकाखाली साडेचार फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट खोल चर घ्या. तळाला ६ इंच मुरूम ठोका, वर १ फूट काँक्रीट, त्यात लांबीच्या दिशेने ८ एमएमचे दोन सरिया. प्रमाण १:२:४, म्हणजे सिमेंटचं एक पोतं, अडीच घनफूट रेती, पाच घनफूट २० एमएमची गिट्टी. यातून थोडा माल उरेल. मुरूम गाळू नका; मातीची हालचाल तोच झेलतो. फाटकाची खालची कड आणि उंबरा यात दोन इंचांपेक्षा जास्त फट नको. सात दिवस पाणी मारा. पहिले दोन दिवस ब्रूनोला तिथे फिरकू देऊ नका. ओलं सिमेंट पंजे भाजतं आणि तो ते चाटतो.

अंगणातलं पाणी बॅकलेनमध्ये जातं ती जागाही पाहा. कुंपणाखालून पाणी वाहत असेल तर प्रत्येक मोठी सर तुमच्या कुत्र्यासाठी आयता खड्डा करून जाते. तिथे ४ इंची पीव्हीसी पाईप टाकून भोवती गिट्टी-सिमेंट भरा आणि आतल्या तोंडाला जाळी बसवा, पण पानं काढता येतील अशी.

तिखटाबद्दल. पहिल्या सरीला ते वाहून जातं, त्याआधी नाका-डोळ्यांत आग करतं, आणि घाबरून पळू पाहणारा कुत्रा त्याने आणखी घाबरतो. फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या विषारी आहेत. कुत्रा पंजे चाटतो तेव्हा ते पोटात जातं. काचा आणि काटे पुरायचा सल्लाही कोणी ना कोणी देईलच. कापलेल्या पंजाला टाके, पट्टी आणि महिनाभर लंगडणं, एवढंच त्यातून मिळतं. दगड ठेवून फायदा नाही कारण तो दगडाशेजारी उकरतो. जाळीत घरचा करंट सोडायचा विचार कोणाच्याही डोक्यात आला तर तो तिथेच थांबवा. त्याने कुत्राच काय, बॅकलेनमधून जाणारं मूलही मरू शकतं, आणि तो गुन्हा आहे.

साखळीचं सांगायचं राहिलं. तासाभरासाठी, समोर माणूस असताना बांधणं वेगळं. आठ तास एकट्याला बांधून ठेवणं म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ शी गाठ. अवाजवी काळ आखूड साखळीला बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, दोन्ही त्यात क्रूरता म्हणून धरलं आहे. कायदा सोडा. बांधलेला कुत्रा जाळीपलीकडून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायला आणि मग चावायला शिकतो, आणि जाळीजवळ बांधला असेल तर उडी मारून पलीकडे लटकायचा धोका असतो.

आता तो का पळतो. हे अंदाजाने ठरवू नका. जुना मोबाईल खिडकीत ठेवून तुम्ही निघाल्यानंतरची पहिली ४० मिनिटं आणि दुपारचा एखादा तास चित्रित करा, दोन-तीन दिवस. खड्डे कुठे आहेत तेही लिहून ठेवा. या दोन गोष्टींवरून बहुतेक कारणं वेगळी करता येतात.

खड्डा जाळीपासून दूर, नळाजवळ किंवा झाडाखाली, उथळ आणि अंगाच्या मापाचा असेल तर त्याला गारवा हवा आहे. इंदूरला मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि लॅबची दाट लव त्याच्या अंगावर आहेच. त्याला दिवसभर राहील अशी सावली, दोन ठिकाणी पाणी आणि शक्य असेल तर मागच्या व्हरांड्याची थंड फरशी द्या. हे पळणं नव्हे, पण जाळीलगतच सावली असेल तर गारव्यासाठी काढलेला खड्डा चुकून बाहेर निघतो.

जाळीलगत आधीच बीळ असेल आणि बाहेर ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस पाहा. बायपासकडच्या नव्या वसाहतींत, अर्धवट भरलेल्या प्लॉटांवर घुशी खूप. कुत्रा तिच्या मागे लागून खणतो. घुशीसाठी पिंजरा लावा, विष नको. विष खाल्लेली घूस कुत्र्याने खाल्ली किंवा गोळीच त्याला सापडली तर रक्तस्राव होऊन दोन-चार दिवसांनी लक्षणं दिसतात आणि तोवर उशीर झालेला असतो. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी द्या, घुशीच्या मुतातून तो आजार कुत्र्याला आणि माणसालाही होतो.

दुपारी दोन-तीनला, पोटभर झोप झाल्यावर, इकडेतिकडे हुंगत तो उकरायला लागला तर कंटाळा. दीड वर्षाच्या लॅबसंकराला आठ तास रिकाम्या अंगणात करायला काही नसतं. सकाळी सातच्या आत ४५ मिनिटं फिरवा, पण फरफटत नेत चालवू नका, हुंगू द्या. नाक वापरून तो जेवढा थकतो तेवढा नुसतं चालून थकत नाही. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात, एवढं लक्षात ठेवा. सकाळचं खाणं वाटीत देण्याऐवजी अर्धं गवतात विखरून टाका.

आणि त्याला उकरायची जागा द्या. हे अनेकांना उलटं वाटतं, पण मी हा उपाय सगळ्यात वर ठेवतो, कारण उकरणं ही लॅबच्या आणि गावठी कुत्र्याच्याही अंगातली गोष्ट आहे. ती मोडता येत नाही, वळवता येते. जाळीपासून निदान ६ फूट आत, सावलीत, ४ बाय ५ फूट आणि दीड फूट खोल खड्डा घ्या, कडेला विटांची एक ओळ लावा आणि ३० घनफूट नर्मदेची रेती भरा. तळाला गिट्टीचा पातळ थर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात डबकं होईल. पहिल्या दिवशी त्याच्या देखत बिस्किट अर्धं उघडं पुरा. दुसऱ्या दिवशी पूर्ण झाकून. मग हळूहळू एक वीत खोल. रोज निघण्याआधी तीन-चार वस्तू पुरा आणि जागा बदलत राहा. वस्तू पुरायच्या थांबलात तर आठवड्यात त्याला ती जागा बिनकामाची वाटते. रात्री फळी टाका, मांजरांना रेती फार आवडते. इतर ठिकाणी उकरताना दिसला तर ओरडू नका, हाक मारून रेतीकडे न्या. तुम्ही नसताना काढलेल्या खड्ड्यासाठी संध्याकाळी रागावलात तर त्याला तुमचं घरी येणं आणि राग एवढंच जुळतं.

चौथं कारण बाहेरच्या माद्या. नसबंदी न झालेला दीड वर्षाचा नर आणि पलीकडे बॅकलेनमधली कुत्री. आपल्याकडे भाद्रपद उगाच बदनाम नाही: पावसाळा सरताना रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा काळ येतो आणि त्या दिवसांत घरच्या नराचं खाणं सुटतं, रात्रभर कुई-कुई चालते, पळण्याचे प्रयत्न दुप्पट होतात. तुमच्याकडे पळणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाढत असेल तर हेच प्रमुख कारण समजा. नसबंदीने भटकणं बऱ्याच नरांत कमी होतं, पण शस्त्रक्रियेनंतर फरक दिसायला काही आठवडे जातात आणि सवय त्याहून हट्टी असते. म्हणून माजाचा काळ सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या शेवटी ती उरकलेली बरी. वय त्याच्या अंगकाठीवर अवलंबून असतं. पशुवैद्य वजन, सांधे पाहून सांगतील. ज्याला खड्डा उकरण्यातच गोडी आहे, त्याच्यावर नसबंदीचा परिणाम होणार नाही.

पाचवं कारण भीती, आणि इथे सगळ्यात जास्त चूक होते. दिवाळी, लग्नाच्या वरातीतला डीजे, अनंत चतुर्दशीच्या झाक्या म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, रंगपंचमीची गेर म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. या मिरवणुका जातात त्या राजवाड्यापासून तुमचं घर लांब असलं तरी फटाके घरापाशीच फुटतात. घाबरलेला कुत्रा विचार न करता उकरतो, नखं रक्ताळेपर्यंत, आणि बाहेर पडल्यावर दिशा न बघता धावतो. अशा रात्री कुठलीही जाळी भरवशाची समजू नका. त्याला आतल्या खोलीत ठेवा, पडदे ओढा, पंखा चालू ठेवा. फार घाबरत असेल तर पशुवैद्याकडून औषध आधीच घेऊन ठेवा, आणि एकदा शांत दिवशी देऊन पाहा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या नाहीत.

आता देखभालीचं. ही जाळी बसवून विसरायची नाही, कारण माती दरवर्षी हलते. मेच्या शेवटी कुंपणालगतच्या भेगांत रेती-मुरूम भरा आणि सैल आकडे ठोका. जूनच्या मध्यात पाऊस लागतो. पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर सकाळी कुंपणाला एक फेरी मारून पाणी कुठून गेलं ते पाहा. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आत, आणखी एक फेरी. बांधलेली तार गंजलेली दिसली तर तेवढीच बदला.

झालर लागल्यावरचा पहिला आठवडा महत्त्वाचा. तो जुन्या जागा चाचपेल, मग कोपरे, मग फाटक, मग जिथे एसीचं बाहेरचं यंत्र किंवा कुंड्या आहेत तिथली आडोशाची जागा. खाली जमलं नाही की वर पाहील. जाळी ५ फुटांपेक्षा कमी असेल, किंवा तिला लागून कुंडी, विटांचा ढीग, टाकी असं काही असेल तर आधीच हलवा. शक्य असेल तर ते दिवस सुट्टीचे निवडा, किंवा दुपारी कोणाला तरी अर्धा तास येऊ द्या. या आठवड्यात तो एकदा जरी निघाला तर त्याला कळतं की चिकाटी फळते.

आणि तरी निघाला तर: परत आल्यावर मारू नका, कितीही राग आला तरी, नाहीतर पुढच्या वेळी तो हाकेला येणार नाही. अंगावर चाव्याची जखम दिसली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस चालू असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, चाव्यानंतरचे डोस वेगळे असतात. धुताना हातमोजे घाला. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. मायक्रोचिप बसवलीत तर चांगलं, पण ती जागा दाखवत नाही. वाचनयंत्र जवळ नेलं की १५ आकडी क्रमांक देते, एवढंच. त्यामुळे तो क्रमांक तुमच्या नावावर नोंदलेला आहे आणि फोन नंबर बदलल्यावर तिथेही बदलला आहे, हे पाहून घ्या.

एक शक्यता उरते. चित्रफितीत असं दिसलं की तुम्ही दार लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच तो धापा टाकतो, लाळ गाळतो, दाराशी आणि फाटकाशीच उकरतो, अंगणात दुसरीकडे जातच नाही, तर तो कंटाळलेला नाही, एकटेपणाला घाबरलेला आहे. अशा कुत्र्याला जाळीने अडवलं तर तो तिच्यावर दात मोडेल. फाटकाचा उंबरा घाला, पण झालरीचं काम थोडं थांबवा, त्या काळात त्याला अंगणात एकट्याला सोडू नका, आणि ती चित्रफीत घेऊन पशुवैद्याकडे जा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कुत्र्यांच्या वागणुकीचा अनुभव नसेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. जाताना किती वाजता निघालात, किती मिनिटांनी सुरू झालं आणि किती वेळ चाललं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.